रोज किती कांजी? आमचा कार्डसंच घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

कांजी म्हणजे जपानी लिपीतली अर्थ सांगणारी चिन्हं. त्यांच्या कार्डांची ही पेटी घरी आली की बहुतेकांच्या घरी पहिल्या दिवशी एकच प्रकार होतो. पहिलं कार्ड एक आडवी रेघ, म्हणजे एक. दुसऱ्यावर दोन रेघा, तिसऱ्यावर तीन. एवढं सोपं असेल तर थांबायचं कशाला, असं वाटून एका बैठकीत चाळीस कार्डं होतात. तो उत्साह आम्हाला चांगला ठाऊक आहे. पण महिन्याभराने "कार्डं फार साचलीत, आता काय करू?" असा फोन येतो, तो बहुधा याच घरांतून. म्हणून हे पत्रक पेटीत सगळ्यात वर ठेवलं आहे. कार्डं बाहेर काढण्याआधी वाचा.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. रोज उजळणी किती करायची हे तुमच्या हातात नसतं, ते आपोआप ठरतं. तुमच्या हातात असतं ते फक्त रोज नवीन कार्डं किती घ्यायची एवढंच.

हिशेब असा आहे

आज १ तारीख आहे असं समजा. आज पाहिलेलं नवीन कार्ड उद्या, २ तारखेला पुन्हा येतं. आठवलं तर ३ दिवसांनी, ५ तारखेला. मग ७ दिवसांनी, १२ तारखेला. मग १८ दिवसांनी, ३० तारखेला. अंतर वाढत जातं, कारण दर वेळी आठवलेली गोष्ट आधीपेक्षा जास्त दिवस टिकते. विसरण्याचा वेग सुरुवातीला जास्त आणि नंतर कमी असतो, हे जर्मनीत हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये अर्थहीन अक्षरं पाठ करून, स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं.

आता रोज १० नवीन कार्डं घेतलीत तर २ तारखेला उजळणीला १० कार्डं येतील. ५ तारखेला २०, १२ तारखेला ३० आणि ३० तारखेला ४०. विसरलेली कार्डं परत येतात, ती यात धरलेली नाहीत. रोज २० घेतलीत तर महिन्याअखेरीला उजळणीच ८० ची होते. कांजीच्या एका कार्डाला २० सेकंद धरली तरी ती सत्तावीस मिनिटं झाली. वर २० नवीन कार्डं, आणि पहिल्या दिवशी प्रत्येक नवीन कार्ड दोन-तीनदा पाहावं लागतं. तास कसा गेला ते कळत नाही.

गोम अशी की १२ तारखेपर्यंत हे सगळं हलकंच वाटतं. "मला जमतंय" असं वाटून माणूस नवीन कार्डं वाढवतो आणि चौथ्या आठवड्यात अडकतो. आज घेतलेलं नवीन कार्ड म्हणजे पुढच्या महिनाभराचे चार हप्ते, हे लक्षात ठेवा. आमच्यापैकी एकीने परीक्षेच्या आधी रोज २५ नवीन कार्डं घेतली होती. पाचव्या आठवड्यात रोज दीडशेच्या वर कार्डं समोर येऊ लागली. तीन दिवस कशीबशी केली, चौथ्या दिवशी मोबाइलवरचं कार्डांचं अॅप उघडलं नाही, आणि मग दोन महिने उघडलंच नाही. कांजी अवघड होती म्हणून नव्हे. आकडा पाहूनच पोटात गोळा यायचा.

आमचा सल्ला: रोज ३ कांजी

आमच्या संचात प्रत्येक कांजीची तीन कार्डं आहेत: चिन्ह पाहून अर्थ, शब्द पाहून वाचन आणि अर्थ पाहून लेखन. म्हणजे ३ कांजी ही ९ कार्डं झाली. नोकरी आणि घर सांभाळून हे पेलतं. कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत ५ पर्यंत जावं. त्यापुढे जाऊ नका, असं आम्ही कळकळीने सांगतो.

तीन म्हणजे कमी वाटतं ना? जपानमधली मुलं जन्मापासून ती भाषा बोलत असतात, तरी त्यांना पहिलीच्या वर्षभरात ८० आणि दुसरीत १६० कांजी शिकवतात. सहावी संपेपर्यंत १,०२६ होतात. रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेली पूर्ण यादी २,१३६ कांजींची आहे. रोज ३ च्या वेगाने ती दोन वर्षांच्या आत संपते.

जपानी भाषेच्या परीक्षेचं (जेएलपीटी) म्हणाल तर एन-५ या सर्वांत सोप्या पातळीसाठी साधारण १०० आणि तिच्या वरच्या एन-४ पर्यंत मिळून ३०० कांजी धरायचा प्रघात आहे. २०१० मध्ये परीक्षेचं स्वरूप बदललं तेव्हापासून अधिकृत यादी जाहीर होत नाही, त्यामुळे संचातली विभागणीही याच प्रघातावर केली आहे. डिसेंबरची परीक्षा पहिल्या रविवारी असते. १ ऑगस्टला सुरुवात केलीत तर ३०० कांजी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्ण होतात आणि शेवटचे तीन-चार आठवडे निव्वळ उजळणीला मिळतात. या दिवसांत नवीन कार्ड एकही नको. परीक्षेत पर्याय निवडायचे असतात, हाताने लिहावं लागत नाही. तरीही पहिल्या शंभर कांजींची लेखनाची कार्डं गाळू नका. कारण पुढे येतंच आहे.

"आठवलं" म्हणजे काय?

वाट पाहणे म्हणजे मात्सु आणि हातात धरणे म्हणजे मोत्सु, ही दोन कार्डं शेजारी ठेवून पाहा. दोन्हींच्या उजव्या अंगाला तोच आकार आहे, तो देवळाचा. डावीकडे मात्सुमध्ये चालण्याची खूण आहे आणि मोत्सुमध्ये हाताची. त्याच देवळाच्या डावीकडे सूर्य आला की होते तोकी, म्हणजे वेळ. नुसतं चिन्ह पाहून "हो हो, हे येतं मला" म्हणणाऱ्याला ही तिन्ही सारखीच ओळखीची वाटतात. एकदा हाताने लिहिली की डोळा डाव्या बाजूकडे जायला लागतो. रेघारेघांच्या जंगलात ती सवय फार कामाची आहे.

म्हणून कार्ड उलटण्याआधी उत्तर तोंडाने म्हणा. मनातल्या मनात नको. मात्सुच्या जागी मोत्सु म्हणालात तर कार्ड चुकलं. पेटी वापरत असाल तर ते परत पहिल्या कप्प्यात टाका. कप्प्यांची ही पद्धत सेबास्टियन लाइट्नर यांनी १९७२ च्या सुमारास लोकप्रिय केली: बरोबर आलं की पुढचा कप्पा, चुकलं की पहिला.

मोबाइलवर आन्की वापरत असाल (जपानीत या शब्दाचा अर्थच पाठांतर) तर 'अगेन' दाबा. पुष्कळ जण स्वतःचीच दया येऊन 'हार्ड' दाबतात. अॅपच्या लेखी 'हार्ड' म्हणजे "आठवलं, पण जड गेलं". विसरलेल्या कार्डावर ते दाबलंत तर ते उद्या न येता काही दिवसांनी येईल, आणि तोवर उरलंसुरलंही विसरलेलं असेल. या अॅपमध्ये नवीन कार्डांचा आकडा मुळातच २० वर असतो. तो पहिल्याच दिवशी ९ करा, आणि नवीन कार्डं उजळणीनंतर दिसतील असं सेटिंग ठेवा. आधी जुनं, मग नवं. वेळ संपला तर नवं राहू द्या.

गणपतीला गावी गेलात तर

जा. आरतीच्या वेळी मोबाइल घेऊन बसू नका. रोज १० नवीन कार्डांचा क्रम महिनाभर नीट चालला असेल आणि आठवडाभर काहीच केलं नाही, तर परत आल्यावर सुमारे १८० कार्डं थकलेली दिसतील. आकडा मोठा आहे, पण ती एका रात्रीत संपवायची नाहीत. नवीन कार्डं शून्यावर आणा. रोज ५०-६० जुनी कार्डं करा आणि सर्वांत थोड्या दिवसांच्या अंतराची आधी घ्या, कारण तीच सर्वांत कच्ची असतात. आठवड्याभरात बाकी फिटते. त्यानंतरही दोन दिवस थांबून मगच नवीन सुरू करा. सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात करण्याचा मोह होतो, तो मात्र टाळा. आठवड्याच्या खंडाने सगळं पुसलं जात नाही. पुष्कळ कार्डं अजून आठवतायत हे पाहून तुम्हालाच बरं वाटेल.

सारखं चुकणारं कार्ड

एखादं कार्ड आठ वेळा चुकलं तर नवव्यांदा तसंच घोकण्यात अर्थ नाही. ते बाजूला काढा. बहुतेकदा दोन दिसायला सारख्या कांजींची गल्लत झालेली असते, किंवा वाचन सुटं पाठ करायला घेतलेलं असतं. रविवारला नीचीयोबी म्हणतात. या शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी कांजी एकच आहे, सूर्याची. पण ती आधी नीची वाचायची आणि नंतर बी. "या कांजीचा उच्चार काय?" हा प्रश्नच इथे चुकतो. शब्द पाठ केला तर दोन्ही उच्चार बसतात. म्हणून आमच्या कार्डांवर वाचन नेहमी शब्दातच दिलं आहे. तरीही न बसणारी कार्डं घेऊन शनिवारी या, आपण मिळून पाहू.

वेळ शक्यतो सकाळची धरा. चहा होईस्तोवर निम्मी उजळणी होते आणि उरलेली बस-लोकलमध्ये. रात्री उशिरा बसणाऱ्यांसाठी एक सोय आहे: आन्कीचा दिवस पहाटे चारला बदलतो, त्यामुळे बारानंतर केलेला अभ्यास आदल्या दिवशीच्या खात्यात जातो.

आज पेटीतून एक, दोन आणि तीन या आकड्यांची नऊच कार्डं काढा. ती पाच मिनिटांत होतील आणि हात पुढच्या कार्डाकडे जाईल. चार आकड्याची कार्डं उद्यासाठी ठेवा.