नागिणीचं तोंड आणि शेपूट

गंगावेशीतल्या आमच्या शेजारच्या काकींच्या कमरेवर, उजव्या बाजूला, पाणी भरलेल्या फोडांचा पट्टा उठला. घरच्यांनी गेरू लावला आणि धास्ती घेतली: नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो!

नाही जात. लहानपणी कांजिण्या देणारा नागीणवर्गातला विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं दडून बसतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती उतरली की त्याच तंतूच्या वाटेनं कातडीवर येतो. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूचा, म्हणून पट्टा सहसा मध्यरेषेपाशीच थांबतो. वेढा पूर्ण होणं हे मरणाचं कारण नाहीच.

या विषाणूच्या आवरणावर ‘जीई’ नावाचं प्रथिन असतं. एका पेशीतून शेजारच्या पेशीत पसरायला ते त्याला मदत करतं. नागीण टाळणाऱ्या शिंग्रिक्स नावाच्या लशीत विषाणूचं तेवढं प्रथिनच घेतलंय, जिवंत विषाणू नाही. त्यामुळं लशीनं नागीण उठत नाही. पन्नाशीनंतर 2 ते 6 महिन्यांच्या अंतरानं 2 डोस घेतात. महाग आहे, हे खरं.

गेरूत दिवस घालवू नका, हात जोडून सांगते. विषाणूरोधक गोळ्या फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळ्याला धोका असतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.