डोणी, उखळ, थारोळे: बागेत आलेल्या दगडी भांड्यांची पार्श्वभूमी

फार्महाऊसच्या दारात किंवा हॉटेलच्या अंगणात कमळे लावलेली जी जुनी दगडी डोण दिसते, ती मुळात जनावरांना पाणी पाजण्यासाठी घडवलेली असते. तिच्या शेजारी झाडाची कुंडी झालेले उखळ असते आणि पायवाटेत जात्याची तळी बसवलेली असते. ही सगळी कामाची भांडी.

महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून झालेला हा दगड इतका कठीण, की छिन्नीची धार लवकर बोथट होते आणि ती पुन्हा तापवून तिला पाणी द्यावे लागते. पाथरवट आणि वडार समाजातल्या कारागिरांनी असा दगड टाकीच्या एकेका घावाने पोखरून डोणी घडवल्या. नाणेघाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे तिथले लोक सांगतात. घाटातल्या लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख पाहिला, की या वाटेवरचा व्यापार किती जुना हे कळते.

विहिरीवर मोट उपसली, की पाणी आधी दगडी थारोळ्यात पडे आणि तिथून पाटाने शेतात जाई. घरात उखळात कांडण, जात्यावर दळण, पाट्यावर वाटण. दळताना बायकांनी ओव्या गायल्या. लग्नाआधी घाणा भरताना उखळ-मुसळ पूजले जाते आणि बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा ठेवतात. ही भांडी घरात इतकी मुरलेली होती.

मग गावात गिरणी आली, विहिरीवर विजेचा पंप बसला, ओट्यावर मिक्सर आला. वाडे पाडले गेले तेव्हा लाकडी खांब आणि दारांबरोबर हे दगडही जुन्या बाजारात गेले. जड म्हणून अनेक वर्षे अंगणाच्या कोपऱ्यात पडून राहिलेल्या वस्तूंना पुढे आर्किटेक्ट आणि बागकाम करणाऱ्यांनी चांगली किंमत आणली. काही विक्रेते मशीनने घासून त्यांना चकचकीत करतात. मला ते बघवत नाही. टाकीचे खड्डे आणि मुसळाने गुळगुळीत झालेला उखळाचा तळ, हेच तर त्यांचे वय. कुंडी करायची म्हणून डोणीच्या तळाला भोक पाडणे तर त्याहून वाईट. त्यापेक्षा ती पक्ष्यांच्या पाण्यासाठी ठेवावी.

आणि विहिरीवरचे थारोळे किंवा बारवेजवळची डोण त्या जागेची असते. उपटून विकायला आणलेली अशी वस्तू घेऊच नये. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार कलाकुसरीची शंभर किंवा अधिक वर्षे जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. तशी ती ठरली, तर परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही.