सॉस बनतो तो आच बंद केल्यावर

पास्ता उकळायला दहा-बारा मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात पेस्टो, म्हणजे बेसिल (इटालियन तुळस), लसूण, सुका मेवा, चीज आणि तेल यांची हिरवी चटणी, वाटून तयार होतो. कामाच्या दिवशी रात्री झटपट काही करायचं असेल तर म्हणूनच हा पदार्थ आठवतो. पण घाईत केलेल्या पेस्टो पास्त्याचं रूप बरेचदा ठरलेलं असतं : ताटलीच्या तळाशी हिरवट तेल, चीजच्या चिवट गुठळ्या आणि पास्ता मात्र कोरडाच. मग पुढच्या वेळी क्रीम वाढवलं जातं. क्रीम घालायला माझी हरकत नाही, त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे. मात्र मलईदारपणा मुळात येतो तो तेल आणि पाणी एकमेकांत धरून ठेवल्यामुळे, आणि पेस्टोच्या बाबतीत ते काम आच बंद केल्यावरच नीट होतं.

जिभेला जे मलईदार लागतं, ते म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे अतिसूक्ष्म थेंब. हे थेंब इतके बारीक असतात की जिभेला ते सुटे जाणवत नाहीत, फक्त एक मऊ, सरसरीत थर जाणवतो. थेंबांवर प्रकाश पडून सगळ्या दिशांना विखुरतो, म्हणून असा सॉस फिकट आणि दुधाळ दिसतो. अशा मिश्रणाला पायस म्हणतात, स्वयंपाकाच्या भाषेत इमल्शन. अडचण अशी की तेलाच्या थेंबांचा कल एकमेकांना भेटून मोठं होण्याकडे असतो. थेंब जितके मोठे, तितका त्यांचा पाण्याशी येणारा एकूण संपर्क कमी, आणि तेलाला तेच हवं असतं. हे थांबवायचे दोन मार्ग आहेत. थेंबाच्या पृष्ठभागावर चिकटून बसेल असं काहीतरी हवं, किंवा थेंबांना सहज फिरता येणार नाही इतकं पाणी दाट हवं. पेस्टो पास्त्यात या दोन्ही गोष्टी हाताशी असतात. पहिली चीजमध्ये असते आणि दुसरी पास्ता उकळलेल्या पाण्यात.

हे पाणी बहुतेक वेळा सिंकमध्ये ओतलं जातं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो. त्यात साधारण १२ ते १४ टक्के प्रथिनं असतात आणि उरलेल्यात सर्वांत मोठा वाटा स्टार्चचा. प्रथिनांनी विणलेल्या जाळीत स्टार्चचे कण अडकलेले असतात. पाण्याचं तापमान सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की हे कण पाणी पिऊन फुगू लागतात. स्टार्च दोन प्रकारच्या साखळ्यांचा बनलेला असतो. एक फांद्या फुटलेली, अमायलोपेक्टिन. दुसरी सरळ, अमायलोज. गव्हाच्या स्टार्चमध्ये अमायलोजचा वाटा साधारण एक चतुर्थांश असतो. फुगलेल्या कणातून या सरळ साखळ्या सुटलेल्या दोऱ्यांसारख्या बाहेर येतात आणि पाण्यात पसरतात. पाणी गढूळ होतं, बोटांना किंचित बुळबुळीत लागतं. तेलाचे थेंब या दोऱ्यांच्या गर्दीत अडकतात आणि एकमेकांपर्यंत पोचायला त्यांना वेळ लागतो.

यावरून एक सोपी गोष्ट निघते. पास्ता भरपूर पाण्यात उकळावा असं सांगितलं जातं, साधारण १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी. सॉसच्या दृष्टीने हे प्रमाण उलट नुकसानीचं आहे, कारण तेवढाच स्टार्च दुप्पट पाण्यात पातळ होतो. पाणी निम्मं घेतलं आणि पहिली दोन मिनिटं पास्ता नीट हलवला, तर तो चिकटत नाही आणि पाणी चांगलं दाट मिळतं. आता मिठाबद्दल. मिठामुळे पाणी जास्त तापतं आणि पास्ता लवकर शिजतो, असा समज पक्का रुजलेला आहे. लिटरला १० ग्रॅम मीठ घातलं तर उत्कलनबिंदू जेमतेम ०.१७ अंशाने वाढतो. मीठ चवीसाठीच घालायचं. पाणी कमी घेतलं असेल तर मीठही बेताने, कारण तेच पाणी पुढे सॉसमध्ये येणार आहे आणि चीज मुळातच खारट असतं.

चीज हा या पदार्थातला सर्वांत नाजूक भाग. पेस्टोत घालतात ते पार्मिजानो रेज्जानो चीज किमान १२ महिने मुरवलेलं असतं आणि त्यात भरपूर कॅसीन असतं. कॅसीन हे दुधातलं मुख्य प्रथिन. त्याचा काही भाग पाण्याला धार्जिणा असतो, काही तेलाला, त्यामुळे ते थेंबाच्या पृष्ठभागावर छान बसतं. पण उष्णता वाढली की चीजमधली प्रथिनं एकमेकांना घट्ट धरतात, पाणी बाहेर ढकलतात आणि गुठळी होते. एकदा झालेली गुठळी कितीही घोटली तरी सुटत नाही.

हे नेमकं कधी होतं, याचा अभ्यास झालेला आहे आणि मला तो फार आवडतो. इटालियन भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने काचो ए पेपे या रोमन पास्त्याचा सॉस प्रयोगशाळेत तपासला. त्यात फक्त पेकोरिनो चीज, मिरी आणि पास्त्याचं पाणी असतं. २०२५ मध्ये त्यांचा निबंध ‘फिजिक्स ऑफ फ्लुइड्स’ या नियतकालिकात आला आणि त्याच वर्षी त्याला भौतिकशास्त्राचं इग नोबेलही मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिला जाणारा पुरस्कार. त्यांना आढळलं की चीजच्या वजनाच्या १ टक्क्याहून कमी स्टार्च असेल तर तापवताना सॉस गुठळ्यांमध्ये फुटतो. स्टार्च २ ते ३ टक्के असेल तर तो टिकून राहतो. स्टार्चचे रेणू प्रथिनांच्या मधे येतात आणि त्यांना एकत्र गोळा होऊ देत नाहीत. पास्त्याच्या पाण्यात इतका स्टार्च असेलच याची खात्री नसते, म्हणून स्टार्च वेगळा मोजून पाण्यात शिजवून घालण्याचा त्यांचा सल्ला आहे.

पेस्टोत तेल आणि सुक्या मेव्याची चरबीही असते, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. पण अंदाज बांधायला ते पुरेसे आहेत. दोन माणसांच्या पेस्टोत ४० ग्रॅम चीज असेल तर सुमारे १ ग्रॅम स्टार्च हवा. पाणी कमी घेऊन उकळलेल्या पास्त्याचं वाटीभर पाणी या हिशोबाच्या आसपास पोचतं. शंका असेल तर पाव चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या थंड पाण्यात कालवून, गरम करून दाट झाल्यावर त्यात मिसळावं. आणि चीज स्वतः किसावं. पाकिटातल्या किसलेल्या चीजला कीस सुटा राहावा म्हणून बरेचदा सेल्युलोज किंवा स्टार्चची भुकटी लावलेली असते आणि सेल्युलोज काही वितळत नाही. असा सॉस रवाळ लागतो.

पेस्टो ज्या भागातला, त्या इटलीच्या लिगुरिया प्रांतात ही रसायनं कुणी मोजली नव्हती, पण तिथली जुनी पद्धत बरोबर त्याच दिशेने जाते. तिथल्या जेनोवा शहरात पेस्टोचा पास्ता करताना त्याच भांड्यात बटाट्याच्या फोडी आणि फरसबी उकळतात. बटाटा कडेने विरघळतो, त्याचा स्टार्च पाण्यात येतो आणि क्रीमचा थेंबही न घालता सॉस दाट होतो. फारसा वेळ न वाढवता मलईदारपणा हवा असेल तर मी ही युक्ती क्रीमच्या आधी सुचवेन. फोडी बारीक असल्या की पास्त्याबरोबरच शिजतात.

आता हिरव्या रंगाकडे येऊ. बेसिलचं पान चिरलं किंवा वाटलं की काही मिनिटांत काळपट होऊ लागतं. अखंड पेशीत फिनॉल वर्गातली संयुगं एका कप्प्यात असतात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात. पातं फिरलं की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि तपकिरी रंगद्रव्यं तयार होतात. बेसिलमध्ये रोझमरिनिक आम्ल नावाचं फिनॉल भरपूर असल्याने हे फार झपाट्याने घडतं. तेल आधीच घालून वाटलं तर पानांच्या तुकड्यांवर तेलाचा थर बसतो आणि ऑक्सिजन कमी पोचतो. मिक्सर वापरत असाल तर तो सलग न चालवता थांबत थांबत फिरवावा, कारण पात्याच्या घर्षणाने भांड्यातलं मिश्रण तापतं आणि विकराचा वेग वाढतो.

दुसरा धोका उष्णतेचा. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. वाटताना पेशीतली आम्लं मोकळी होतात. त्यांच्या संगतीत उष्णता मिळाली की तो मॅग्नेशियम निघून जातो, त्याची जागा हायड्रोजन घेतो आणि चकचकीत हिरव्याचा मळकट शेवाळी होतो. पेस्टो कढईत परतला की तो असाच दिसतो. लिंबाचा रसही या बदलाला मदत करतो, जरी तो विकराला आवरत असला तरी. म्हणून लिंबू पिळायचंच असेल तर अगदी वाढताना.

पानं उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकली तर विकर निकामी होतं आणि पेस्टो दुसऱ्या दिवशीही हिरवागार राहतो. पण थोडा सुगंध जातो. लगेच खायचं असेल तर मी हे करणार नाही, कारण बेसिलचा वास हाच पेस्टोचा प्राण आहे. भिंगातून पानाचा खालचा भाग पाहिला तर चमकदार बारीक ठिपके दिसतात. त्या तेलग्रंथी. लिनॅलूलचा फुलांसारखा वास, युजेनॉलचा लवंगेचा, सिनिओलचा निलगिरीचा, असं सगळं त्या इवल्या पिशव्यांत साठवलेलं असतं. ही संयुगं उडून जाणारी आहेत. गरम तव्यावर पेस्टो टाकल्यावर घरभर जो वास सुटतो, तेवढा ताटातून कमी झालेला असतो. जेनोवाचे लोक कोवळ्या रोपांची लहान पानंच वापरतात, आणि त्यांच्या या बेसिलला २००५ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे.

बेसिलची जुडी फ्रिजमध्ये ठेवू नये, हेही जाता जाता सांगतो. हे उष्ण प्रदेशातलं रोप आहे, १० अंशांच्या खाली त्याच्या पेशींना इजा होते आणि पानांवर काळे डाग पडतात. देठ पाण्यात बुडवून बाहेरच ठेवावी.

लसणीचं गणित छोटं आहे. अखंड पाकळीला फारसा वास नसतो. ठेचल्यावर अ‍ॅलीन या संयुगाला अ‍ॅलिनेज हे विकर भेटतं आणि तिखट अ‍ॅलिसिन तयार होतं. पाकळी जितकी बारीक वाटावी तितका झणका जास्त. पेस्टो शिजत नसल्याने हा झणका कमी होत नाही, म्हणून दोघांसाठी एक लहान पाकळी पुरे.

आता क्रीम. दूध आम्लाने नासतं, क्रीम सहसा नासत नाही. याचं कारण प्रमाणात आहे. गाईच्या दुधात चरबी आणि प्रथिनं जवळपास सारखी, प्रत्येकी तीन-साडेतीन टक्के. दाट क्रीममध्ये चरबी ३५ टक्क्यांच्या घरात आणि प्रथिनं जेमतेम दोन टक्के. गुठळी व्हायला पुरेसं कॅसीनच नसतं, आणि जे असतं ते चरबीच्या गोळ्यांना लपेटण्यात गुंतलेलं असतं. शिवाय क्रीम हे स्वतः तयार पायस आहे. त्यात पेस्टोचं तेल मिसळायला सोपं जातं, म्हणून घाईच्या वेळी ते भरवशाचं आहे. फक्त चरबी सुगंधाची संयुगं स्वतःत विरघळवून ठेवते, त्यामुळे क्रीम जास्त झालं की बेसिल आणि लसूण दोन्ही मागे पडतात. दोन माणसांना तीन मोठे चमचे, त्याहून जास्त नको.

प्रत्यक्षात हे असं जमवता येतं. २०० ग्रॅम पास्ता लिटरभर पाण्यात घालून पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट आधी उतरवायचा. त्याआधी वाटीभर पाणी बाजूला काढायचं. रुंद तव्यात क्रीम आणि अर्धी वाटी ते पाणी एकत्र उकळवून त्यात पास्ता मिनिटभर हलवायचा. तळ दिसेल अशी रेघ ओढल्यावर ती हळूहळू भरून आली की दाटपणा बरोबर आहे. मग आच बंद. इथे थांबायचं. बुडबुडे पूर्ण शमू द्यायचे, तवा खाली उतरवायचा आणि साधारण मिनिटभर पास्ता वरखाली करत राहायचं. चीजच्या गुठळ्यांचा धोका साधारण ६५ अंशांच्या वर वाढतो आणि उकळी थांबल्याबरोबर तवा तितका निवलेला नसतो. आता पेस्टो घालायचा, राखून ठेवलेलं पाणी चमच्या-चमच्याने सोडायचं आणि जोरात हलवायचं. पास्ता एकमेकांवर घासला जातो तेव्हाच तेलाचे थेंब फुटून बारीक होतात, त्यामुळे इथे हात आखडता घेऊ नये. अर्ध्या मिनिटात गडद हिरवं तेल फिकट होत जातं आणि पास्त्याला बिलगतं. खडबडीत पृष्ठभागाचा पास्ता असेल तर अधिकच. ब्राँझच्या साच्यातून काढलेला पास्ता असा खरखरीत असतो, टेफ्लॉनच्या साच्यातला गुळगुळीत.

थोड्या वेळाने सॉस घट्ट होईल, कारण निवताना अमायलोजच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना धरू लागतात. चमचाभर गरम पाणी घालून हलवलं की तो परत सैल होतो.

उरलेला पेस्टो बाहेर ठेवायचा नाही. तेलाखाली ऑक्सिजन नसतो, लसूण आणि पानांमधून मातीतले क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू आलेले असू शकतात, आणि अशा जागी ते वाढून विष तयार करू शकतात. त्या विषाला वास किंवा चव नसते, त्यामुळे हुंगून काही कळत नाही. फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास तीन-चार दिवस, त्याहून जास्त ठेवायचा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून. गोठवण्यासाठी वाटताना चीज घालू नये. वडी फ्रिजमध्येच मऊ होऊ द्यावी आणि तेव्हाच ताजं चीज किसून मिसळावं.