सॅगकॉट (टांझानियाचा दक्षिण कृषिवृद्धी पट्टा)

सॅगकॉट ही टांझानियाच्या दक्षिण भागात खासगी भांडवल आणि छोटे शेतकरी यांची सांगड घालण्यासाठी आखलेली योजना आहे. हिंदी महासागरावरील दार-एस-सलाम बंदरापासून मोरोगोरो, इरिंगा, न्जोंबे, म्बेया असा हा पट्टा झांबिया आणि मलावीच्या सीमेपर्यंत जातो. देशाच्या मुख्य भूमीचा (झांझिबार बेटे सोडून) जवळपास एक तृतीयांश भाग त्यात येतो. दार-एस-सलामहून झांबियाकडे जाणारा महामार्ग आणि १९७६ मध्ये सुरू झालेली, झांबियापर्यंतची ताझारा रेल्वे इथूनच जात असल्याने वाहतुकीची मूळ सोय आधीपासून होती. पाऊस बरा, जमीन सुपीक आणि बहुतेक शेती लहान तुकड्यांत, कुदळीवर चालणारी.

टांझानियात मोठ्या खासगी शेतीबद्दलचा संशय जुना आहे. समाजवादाचा मार्ग धरणाऱ्या १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर अनेक मळे आणि उद्योग सरकारने ताब्यात घेतले आणि १९७० च्या दशकात लाखो लोकांना नव्या वसाहत-गावांत हलवण्यात आले. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून अर्थव्यवस्था खुली होऊ लागली, तरी शेतीत भांडवल फारसे आले नाही. २००९ मध्ये ‘किलिमो क्वांझा’ म्हणजे ‘आधी शेती’ ही घोषणा झाली. त्याच धाग्याने मे २०१० मध्ये दार-एस-सलाम येथे भरलेल्या आफ्रिकेवरील जागतिक आर्थिक परिषदेत सॅगकॉटची कल्पना मांडली गेली आणि जानेवारी २०११ मध्ये स्वित्झर्लंडमधील दावोसला, जगभरच्या उद्योगपती आणि नेत्यांच्या बैठकीत, तिचा आराखडा जाहीर झाला. शेतकऱ्यांची योजना दावोसला जाहीर व्हावी, यातून तिचा रोख कोणाकडे होता ते कळते. वीस वर्षांत साडेतीन लाख हेक्टर जमीन व्यापारी लागवडीखाली आणायची, त्यासाठी खासगी क्षेत्राकडून सुमारे २.१ अब्ज आणि सरकार व देणगीदारांकडून सुमारे १.३ अब्ज डॉलर उभे करायचे, असा हिशेब होता. मध्ये कंपनीचा मोठा मळा किंवा कारखाना आणि भोवती त्याला माल घालणारे छोटे शेतकरी, ही मूळ कल्पना. या शेतकऱ्यांना ‘आउटग्रोअर’ म्हणतात.

पहिली अडचण जमिनीची आली. कायद्याने देशातली सगळी जमीन राष्ट्राध्यक्षांकडे विश्वस्त म्हणून असते. ती गावजमीन, राखीव जमीन आणि सर्वसाधारण जमीन अशी विभागलेली आहे. शेतीयोग्य जमिनीचा मोठा भाग गावजमिनीत मोडतो आणि ती थेट परकी कंपनीला देता येत नाही. आधी तिचे सर्वसाधारण, म्हणजे थेट सरकारच्या ताब्यातल्या, जमिनीत रूपांतर करावे लागते, मग सरकारच्या गुंतवणूक संस्थेमार्फत भाडेपट्टा मिळतो. पट्टा संपला तरी ती जमीन आपोआप गावाकडे परत येत नाही, म्हणून ग्रामसभा हात आखडता घेतात. आराखड्यात रिकामी दिसणारी जमीन बहुधा पडीक टाकलेले शेत, चराई किंवा जळणाचे रान असते. मसाई, बाराबाइग अशा पशुपालकांना याची झळ अधिक बसली. जागतिक बँकेने २०१६ मध्ये ७ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, तेव्हा मूलनिवासींसंबंधीचे स्वतःचेच धोरण या प्रकल्पापुरते बाजूला ठेवले, यावर टीका झाली. ते कर्ज पुढे रद्द झाले.

मोरोगोरो भागातल्या किलोंबेरो खोऱ्यातील म्ंगेटा हा भाताचा मळा सुरुवातीला योजनेचे उदाहरण म्हणून दाखवला जाई. सुमारे ५,८०० हेक्टरांच्या या जमिनीवर पूर्वी उत्तर कोरियाच्या सहकार्याचा प्रकल्प होऊन बंद पडला होता. २००८ मध्ये किलोंबेरो प्लांटेशन्स या कंपनीने ती घेतली. कंपनीने भोवतालच्या हजारो कुटुंबांना ‘श्री’ (एसआरआय, म्हणजे कमी बियाणे आणि पाण्यात भात घेण्याच्या) पद्धतीने भातलागवड शिकवली. दुसरीकडे मळ्याच्या हद्दीतून हलवलेल्या कुटुंबांच्या नुकसानभरपाईवरून वाद चालू राहिले. २०१३ मध्ये सरकारने शुल्कमुक्त तांदूळ आयातीला वाट दिली आणि देशातले भाव कोसळले. कंपनीला कर्ज फेडता येईना आणि २०१९ पर्यंत मळा धनकोंच्या हाती गेला.

त्याच खोऱ्यातला ऊस सॅगकॉटपेक्षा जुना. किलोंबेरो साखर कंपनीचे १९९८ मध्ये खासगीकरण होऊन नियंत्रण दक्षिण आफ्रिकेच्या इलोवोकडे गेले, सरकारकडे पाव हिस्सा राहिला. त्यानंतर आउटग्रोअर झपाट्याने वाढले. उसाचे पैसे मिळाले, त्यातून घरे झाली, मुलांच्या शाळेची फी भरली गेली. पण तोडलेला ऊस थांबत नाही, दिवसागणिक त्यातली साखर घटते आणि परिसरात तो घेणारा गिऱ्हाईक एकच. लागवड गाळपक्षमतेपुढे गेली की छोट्यांचा ऊस शेतातच उभा राहतो आणि पाऊस लवकर आला तर रस्ते बंद होऊन हंगाम हातचा जातो. भाव साखरेच्या उताऱ्यावर ठरतो आणि उतारा कारखान्यातच मोजला जातो, त्यामुळे मापाबद्दलचा अविश्वास कधी मिटला नाही. शेतकऱ्यांच्या संघटना फुटत गेल्या. भाताची जमीन उसाखाली गेल्याने घरचे धान्य विकत घेण्याची वेळही काहींवर आली.

इरिंगा आणि न्जोंबेच्या उंच भागात चित्र वेगळे आहे. इथे टिकलेली गुंतवणूक मुख्यतः जमिनीऐवजी माल मागणारी होती. इरिंगाची असास डेअरी संकलन केंद्रांतून दूध घेते. इहेमीजवळ सिल्व्हरलँड्स ही कंपनी पिल्ले आणि कोंबडीखाद्य तयार करते व त्यासाठी छोट्या शेतकऱ्यांकडून मका आणि सोयाबीन विकत घेते. मका कंपनीला नको झाला तर बाजारात विकता येतो किंवा घरी खाता येतो. सौदा करताना शेतकऱ्याचे बळ त्यातूनच येते. कंपन्यांची तक्रार मात्र उलटी असते, की बियाणे-खत उधारीवर घेऊन शेतकरी माल दुसऱ्यालाच घालतो.

दोन्ही बाजूंना सर्वांत मोठा धोका सरकारी धोरणाच्या हेलकाव्यांचा राहिला. धान्यटंचाईच्या भीतीने मक्याच्या निर्यातीवर २०११ आणि २०१७ मध्ये बंदी आली. राष्ट्राध्यक्ष किक्वेते यांनी पुढे रेटलेली ही योजना त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांच्या काळात मागे पडली. मागुफुलींनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या सामिया सुलुहू हसन यांच्या सरकारने परकी भांडवलाला पुन्हा दार उघडले असून देशाच्या इतर भागांतही असेच पट्टे आखण्याचे काम ‘ॲगकॉट’ या नावाने हाती घेतले आहे.