पावसाळ्यात फ्लोरिडा-टेक्सासला मुलांकडे जाताय? वादळाआधी ही कागदपत्रं तयार ठेवा

अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि सगळ्यात जास्त जोर सप्टेंबरच्या मध्याच्या आसपास. नाशिकहून मुलांकडे जाणारे आई-वडील नेमके याच महिन्यांत तिकडे असतात.

सगळ्यात जास्त क्लेम अडकतात ते विम्याच्या तारखेवर. वादळाला नाव मिळालं की विमा कंपनीच्या लेखी ती आधीच माहीत असलेली घटना होते. त्यानंतर काढलेल्या पॉलिसीवर त्या वादळाचे पैसे सहसा मिळत नाहीत. म्हणून तिकीट काढाल त्याच दिवशी पॉलिसी काढा, आणि तीत प्रवासाचा विलंब व प्रवास रद्द होणं धरलंय का ते वाचा. स्वस्त पॉलिसीत बऱ्याचदा फक्त दवाखान्याचा खर्च असतो. क्लेमला विमान कंपनीचं पत्र लागतं: फ्लाइट का रद्द झाली, किती तास उशीर झाला. हे पत्र कुणीच मागून घेत नाही. मोबाइलचा स्क्रीनशॉट पुरत नाही, ईमेलवर लेखी मागा. हॉटेलचं बिल प्रवाशाच्या नावावर घ्या, मुलाच्या नको.

दुसरी गफलत तारीख वाचण्यातली. व्हिसा दहा वर्षांचा असतो म्हणून माणसं निवांत राहतात. राहण्याची मुदत मात्र आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या सरकारी नोंदीवर असते, बहुधा सहा महिने. अमेरिकेत उतरल्यावर लगेच तो सरकारी वेबसाइटवरून डाउनलोड करून प्रिंट काढा, फुकट आहे. ही तारीख उलटली की व्हिसाच रद्द ठरतो. वादळामुळे विमानतळ बंद पडून मुदत संपत आली, तर ती संपण्यापूर्वी मुक्काम वाढवून मागण्याचा आय-५३९ अर्ज भरा. उशीर झालाच तर कारण आणि पुरावा जोडून विनंती करता येते. तिथेही विमान कंपनीचं तेच पत्र कामी येतं.

पुरात पासपोर्ट गेला तर स्थानिक पोलिसांचा रिपोर्ट, पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची झेरॉक्स आणि ५१ बाय ५१ मिलिमीटरचे फोटो तयार ठेवा. इकडचा पासपोर्ट साइजचा फोटो तिथे चालत नाही. फ्लोरिडासाठी अटलांटा आणि टेक्साससाठी ह्यूस्टनचा भारतीय वाणिज्य दूतावास. तिथून मिळणारं इमर्जन्सी सर्टिफिकेट फक्त भारतात परतण्यापुरतं असतं. पोलीस रिपोर्टची मूळ प्रत फेकू नका, नाशिकमध्ये नवा पासपोर्ट काढताना तीच मागतात. निघण्याआधी सगळ्याचे स्कॅन स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा.

औषधांचं तर फारच हाल होतात. इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी तिकडचं मेडिकल मानत नाही. ठरलेल्या मुक्कामापेक्षा पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्त न्या आणि चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या.

मुलाच्या पत्त्याचा इव्हॅक्युएशन झोन (वादळाआधी घरं रिकामी करायला सांगतात तो विभाग) कोणता, हे पोचल्या दिवशीच काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या वेबसाइटवर बघा. चक्रीवादळाच्या इशाऱ्यात 'वॉच' म्हणजे साधारण ४८ तास आणि 'वॉर्निंग' म्हणजे ३६ तास आधीची सूचना. हवामान अंदाजाच्या नकाशावरचा शंकू वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो, त्याबाहेरच्या घरातही पाणी शिरतं. पिण्याचं पाणी माणशी रोज चार लिटर धरून साठवा.