उचल फिटली नाही म्हणून अडवून ठेवलंय? सोलापूर जिल्ह्यात वेठबिगारीची तक्रार आणि मुक्ती प्रमाणपत्र

साखर कारखान्यांचा पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला आला की एकच तक्रार कानावर येते. "उचल फिटली नाही म्हणतो, गावाकडं जाऊ देत नाही." सांगणाऱ्याचं सगळं लक्ष उचलीवर असतं. कायद्याचं लक्ष मात्र दुसऱ्या अर्ध्या वाक्यावर आहे: जाऊ देत नाही.

उचल घेणं म्हणजे वेठबिगारी नव्हे, हे आधी सांगून टाकतो. ऊसतोड, वीटभट्टी, सालगडी, सगळीकडे आगाऊ पैशावरच गडी ठरतो. पण त्या पैशापोटी, किंवा बापाने घेतलेल्या पैशापोटी, पुढच्यांपैकी एक जरी गोष्ट घडत असेल तर ती १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात बसते. मजुरीच नाही किंवा नावापुरती आहे; दुसरीकडे कामाला जायची मुभा नाही; हिंडाफिरायची मोकळीक नाही; आपली मेहनत किंवा माल बाजारभावाने विकता येत नाही. चारही लागत नाहीत, एक पुरे. शिवाय किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं हीसुद्धा संविधानाच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच सांगितलंय. माणूस कुठल्या जिल्ह्याचा, कुठल्या राज्याचा, याने फरक पडत नाही. काम माळशिरस किंवा करमाळ्याच्या फडावर झालं असेल तर बीडच्या किंवा मध्य प्रदेशातल्या मजुराचाही अर्ज सोलापुरातच होतो.

सुटकेचा आणि मुक्ती प्रमाणपत्राचा, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याच्या सरकारी दाखल्याचा, अर्ज जिल्हा दंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी, सोलापूर यांच्या नावे करायचा. पंढरपूर, अकलूजकडच्यांना आपल्या प्रांत कार्यालयात देता येतो. फी नाही, छापील नमुना नाही. मजूर स्वतः बाहेर पडू शकत नसेल तर नातेवाईक, शेजारी, संघटना, कुणीही देऊ शकतं. जिवाला धोका असेल तर अर्ज नंतर, आधी ११२ ला फोन. लहान मूल अडकलं असेल तर १०९८. लिहायला कुणी नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, तिथे वकील फुकट मिळतो.

अर्जात काय लिहायचं? भाषण नको. कोणी, कधी, किती उचल दिली. कामाची नेमकी जागा (गाव, गट, भट्टी). किती वाजता काम सुरू, किती वाजता संपतं. हातात प्रत्यक्ष किती पैसे आले. जायला निघालो तेव्हा काय झालं. सोबत कोण कोण आहे त्या सगळ्यांची नावं आणि वयं, पोरांसकट. हिशोबात "कोयता" म्हणजे नवरा-बायकोची जोडी धरतात, म्हणून अर्जातही एकच नाव येतं आणि बाई कागदावरून गायब होते. पुढे पैसे मिळायच्या वेळी ते महागात पडतं. आणि विषयाच्या ओळीत "वेठबिगारीतून मुक्तता व मुक्ती प्रमाणपत्र मिळणेबाबत" एवढे शब्द हवेतच. नुसतं "मजुरी मिळणेबाबत" लिहिलं की प्रकरण मजुरीच्या वादात जातं, दोन्ही बाजूंना बसवून हिशोब होतो, चहा होतो, आणि हाती प्रमाणपत्र लागत नाही. मी पाहिलेली बहुतेक प्रकरणं इथेच वाया गेली.

पुरावा म्हणून मुकादमाच्या (मजूर ठरवून आणणाऱ्या ठेकेदाराच्या) वहीचा मोबाइलवर काढलेला फोटो चालतो. अशा एका वहीचं पान अजून डोळ्यांपुढे आहे: डावीकडे उचल, उजवीकडे तोड, आणि मध्ये बारीक अक्षरात खाडे, किराणा, दवाखाना, पुन्हा खाडे. हंगाम संपताना बाकी सुरुवातीपेक्षा जास्त निघाली होती. स्टॅम्प पेपरवरचा करार, फोन पेवरून आलेल्या उचलीचा स्क्रीनशॉट, वजनाच्या पावत्या, ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र, जे असेल ते जोडा. आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक असेल तर उत्तम. नसेल तरी अर्ज थांबत नाही. हे वेठबिगारीचं कर्ज नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १५ नुसार पैसे देणाऱ्यावर आहे, मजुरावर नाही.

जातीचा दाखलाही मुक्ती प्रमाणपत्राची अट नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण सोलापुरात या दाखल्याला इतिहास आहे. १८४३ च्या कायद्याने हिंदुस्थानात गुलामीला कायद्याचा आधार उरला नाही, पण १८७१ मध्ये जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार धरणारा गुन्हेगार जमाती कायदा आला. पुढे गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथे तारेच्या कुंपणात वसाहत झाली. हजेरी द्यायची, गिरणीत राबायचं, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. १९५२ मध्ये कायदा देशभरातून गेला. वस्तीला लोक आजही सेटलमेंटच म्हणतात. त्यांच्या नातवंडांना विमुक्त जातीच्या (त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींच्या) दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्यांना कुंपणात कोंडलं, नाहीतर गावोगाव हाकललं, त्यांनी तो आणायचा कुठून? अनुसूचित जाती-जमातीच्या मजुराकडे दाखला असेल तर जरूर जोडा, ॲट्रॉसिटीचं कलम ३(१)(एच) लागतं आणि त्याचं अर्थसाहाय्य वेगळं असतं.

अर्ज दोन प्रतींत न्या. टपाल शाखेत एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. "साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या" म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय हलू नका. त्यानंतर जागेवर चौकशी होते. जबाब मालक किंवा मुकादम समोर उभा असताना देऊ नका. वेगळं बसवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

प्रमाणपत्र मिळालं की उचलीची बाकी कायद्याने संपते. त्यानंतर कुणी ती वसूल केली तर तो स्वतंत्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. मदतीचं असं: ३०,००० रुपयांपर्यंत तातडीची रक्कम जिल्ह्याच्या निधीतून मिळते, तिला कोर्टाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. पुनर्वसनाचे पुरुषाला १ लाख, स्त्री किंवा मुलाला २ लाख, तस्करी किंवा लैंगिक शोषणासारख्या अतिगंभीर प्रकरणात ३ लाख. ही मोठी रक्कम मात्र खटल्याशी बांधलेली आहे, वेळ लागतो.

प्रमाणपत्र प्रत्येकाचं वेगळं मागा. हातात आल्यावर तिथेच उभं राहून नाव, वय, मूळ गाव, तालुका वाचून घ्या. नाव आधार आणि पासबुकाशी जुळत नसेल तर त्याच टेबलावर दुरुस्ती करून घ्या. गावी पोहोचल्यावर त्या एका वेलांटीसाठी परत सोलापूरची एसटी धरावी लागते.