पुनर्वापर, ऐतिहासिक वास्तूंचा

मूळ उपयोग संपुष्टात आलेल्या वास्तूचे ऐतिहासिक स्वरूप राखून तिला नव्या उपयोगास योग्य करण्याची वास्तुशास्त्रीय पद्धती. जतन-वास्तुविशारदाच्या कामाचा हा एक प्रमुख भाग होय.

या पद्धतीचा उगम केव्हा मानावा, याविषयी मतभेद आहेत. रोममधील पँथिऑन या मंदिराचे सु. ६०९ मध्ये झालेले चर्च, तसेच रोमन सम्राट डायोक्लीशनच्या स्नानगृहांच्या भग्नावशेषांत मायकेलअँजेलोने सोळाव्या शतकात योजलेले चर्च, या उदाहरणांवरून काही अभ्यासक ती प्राचीन ठरवतात. परंतु अशा रूपांतरांमागे धार्मिक हेतू आणि काटकसर हीच कारणे प्रामुख्याने असावीत. त्यामुळे जतनाची जाणीव ज्यातून घडली, त्या एकोणिसाव्या शतकातील वादापासून हा इतिहास मांडणे अधिक सयुक्तिक वाटते. फ्रेंच वास्तुविशारद यूजेन व्ह्यॉले-ल-द्यूक (१८१४–७९) याच्या मते जीर्णोद्धारात वास्तूला पूर्वी कधीही नसलेले पूर्णत्व देता येते, तर इंग्लंडमध्ये कलासमीक्षक जॉन रस्किन आणि कलावंत-लेखक विल्यम मॉरिस यांनी असा जीर्णोद्धार म्हणजे वास्तूचा नाशच मानला. मॉरिसच्या पुढाकाराने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्थाही स्थापन झाली. व्ह्यॉले-ल-द्यूकवरील टीकेत एक गोष्ट सहसा झाकोळते : वास्तू टिकवण्याचा सर्वोत्तम उपाय म्हणजे तिला उपयोग मिळवून देणे, हे मतही त्याचेच.

१९६४ च्या व्हेनिस सनदेने (ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाविषयीची आंतरराष्ट्रीय सनद) समाजोपयोगी वापर जतनास साहाय्यक मानला, मात्र त्यासाठी वास्तूची मांडणी व अलंकरण बदलू नये, अशी अट घातली. गहाळ भागांच्या जागी बसवलेले नवे भाग एकंदर रचनेशी सुसंगत, तरीही मूळ भागांपासून वेगळे ओळखू येणारे असावेत, असेही तीत म्हटले आहे. ही दृष्टी सनदेपूर्वीच इटालियन वास्तुविशारद कार्लो स्कार्पाच्या कामात आढळते. वेरोनातील कास्तेलवेक्कियो या किल्ल्यातील संग्रहालयाची पुनर्रचना करताना त्याने नवी फरशी जुन्या भिंतींना न भिडवता मध्ये अरुंद फट सोडली. पॅरिसमधील ऑर्से रेल्वेस्थानक (१९००) १९८६ मध्ये आणि लंडनमधील बँकसाइड वीजकेंद्र २००० मध्ये संग्रहालय म्हणून खुले झाले.

तांत्रिकदृष्ट्या सर्वांत नाजूक बाब दर्जा (दगड-विटांमधील सांधे) भरण्याची असते. चुन्यात बांधलेल्या भिंतीतील ओल सांध्यांवाटे बाहेर पडते. तेथे सिमेंट भरल्यास तो मार्ग अडतो, ओल व क्षार विटेत किंवा मृदू दगडात साचतात आणि पृष्ठभागाचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून सांध्यातील मिश्रण मूळ दगड-विटेपेक्षा मऊ व अधिक सच्छिद्र ठेवले जाते.